लंडनमध्ये राहून अमेरिकेचा इतिहास बघायचा असेल तर: चार दिवसांचा प्लॅन

लंडनला पाहुणे आले की यादी ठरलेली असते, बिग बेन, टॉवर ब्रिज, राजाचा वाडा, मेणाचे पुतळे आणि शेवटी शॉपिंग. दोन वर्षांपूर्वी माझे बाबा साताऱ्याहून आले तेव्हा मीही तीच यादी काढली होती. ते रिटायर्ड इतिहासाचे मास्तर, त्यांनी यादी वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "अगं, अमेरिका इथूनच गेली ना? मग तिच्या खुणा कुठे आहेत?" त्या प्रश्नामुळे आम्ही चार दिवस जे फिरलो ते नंतर मी बऱ्याच जणांना व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यात टाईप करून पाठवलंय, म्हणून आता एकदाच नीट सगळं लिहून काढते.

आधीच सांगते, या जागा भव्य वगैरे नाहीत. बऱ्याचशा म्हणजे एखादं चर्च, एखादा पुतळा, एका गल्लीतलं घर. गोष्ट माहीत नसेल तर दोन मिनिटांत फोटो काढून पुढे जाल आणि माहीत असेल तर तिथून पाय निघणार नाही. त्यामुळे आदल्या रात्री अर्धा तास वाचून जा, हीच सगळ्यात मोठी तयारी.

निघायच्या आधी

व्हिसाचं पहिलं. भारतीय पासपोर्ट असेल तर यूकेचा व्हिजिटर व्हिसा लागतो, युरोपच्या शेंगेन व्हिसावर किंवा अमेरिकेच्या व्हिसावर लंडन फिरता येत नाही. आपली बरीच मंडळी न्यू जर्सी-कॅलिफोर्नियाहून भारतात जाताना लंडनला दोन-चार दिवस थांबू म्हणतात आणि इथे अडकतात. ग्रीन कार्ड असलं तरी पासपोर्ट भारतीय असेल तर व्हिसा काढाच, आणि अमेरिकन पासपोर्टवाल्यांनाही २०२५ पासून ईटीए नावाची ऑनलाईन परवानगी काढावी लागते.

शहरात फिरायला वेगळं तिकीट काढत बसू नका. कॉन्टॅक्टलेस कार्ड किंवा फोन टॅप करायचा, आत जाताना आणि ट्रेनमधून बाहेर पडतानाही, आणि दिवसभर तेच एक कार्ड वापरायचं म्हणजे रोजच्या भाड्याची कमाल मर्यादा आपोआप लागते. नवरा-बायको एकच कार्ड दोघांसाठी टॅप करायला बघतात, ते चालत नाही, प्रत्येकाचं वेगळं पाहिजे. ११ वर्षांच्या आतली पोरं मोठ्यांबरोबर ट्यूबमध्ये फुकट.

वार नीट निवडा. सेंट पॉल कॅथीड्रल रविवारी फक्त प्रार्थनेला उघडं असतं, बरो मार्केट सोमवारी बंद असतं, आणि अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या बेंजामिन फ्रँकलिनचं घर रोज उघडं नसतं, बुकिंग करूनच जायचं. आम्ही एका छोट्या म्युझियमला बुकिंगशिवाय गेलो आणि बंद दारापुढे पावसात उभे राहिलो, बाबांच्या गुडघ्याला त्या दिवशीची चाल फुकट पडली, तेव्हापासून मी आदल्या दिवशी प्रत्येक जागेची वेबसाईट उघडून बघते. चर्चमध्ये अचानक लग्न किंवा अंत्यविधी असतो, तेव्हा अर्धा तास इकडेतिकडे करून परत जायचं.

आणि कालक्रमाने फिरायचा हट्ट धरू नका. १६२० ला अमेरिकेत वस्ती करायला निघालेलं जहाज आधी, मग १७७६ चं स्वातंत्र्य, मग दुसरं महायुद्ध असं करायला गेलात तर शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तंगडतोड होईल. नकाशा सांगेल तसं जा, सनावळी डोक्यात आपोआप जुळते.

पहिला दिवस: पार्लमेंट स्क्वेअर ते सेंट पॉल

वेस्टमिन्स्टर स्टेशनला उतरा. पार्लमेंट स्क्वेअरमध्ये लिंकनचा पुतळा आहे, शिकागोतल्या पुतळ्याची ही प्रतिकृती, १९२० ची. त्याच चौकात २०१५ पासून गांधीजीही आहेत, त्यामुळे आपल्याकडचे लोक तिथे फोटो काढतात आणि मागे लिंकन उभा आहे हे बघतही नाहीत. तिथून व्हाईटहॉलने सरळ चालत ट्राफल्गर स्क्वेअर गाठा. नॅशनल गॅलरीसमोरच्या हिरवळीवर जॉर्ज वॉशिंग्टन उभा आहे, १९२१ मध्ये व्हर्जिनिया राज्याने दिलेला. वॉशिंग्टन म्हणाला होता की मी परत इंग्लंडच्या मातीवर पाय ठेवणार नाही, म्हणून पुतळ्याखाली व्हर्जिनियाची माती घातलीय अशी एक गोष्ट गाईड लोक सांगतात. दंतकथा म्हणून ऐका, पण ज्या राजाशी तो लढला त्याच्या राजधानीत भर चौकात त्याचा पुतळा उभा आहे हे तर डोळ्यासमोरच असतं.

आता चेरिंग क्रॉस स्टेशनच्या बाजूच्या क्रेव्हन स्ट्रीटवर वळा, ३६ नंबर. बेंजामिन फ्रँकलिन १७५७ ते १७७५ मध्ये, मधली दोन वर्षं सोडली तर, इथे भाड्याने राहत होता. तो राहिलेल्या घरांपैकी जगात हे एकच घर शिल्लक आहे, फिलाडेल्फियातलंसुद्धा गेलं. बाहेरून बघाल तर विटांचं अरुंद घर, शेजारच्या घरांसारखंच. आत फर्निचर जवळजवळ नाहीच आणि मला तेच आवडलं, कारण नजर सगळी मूळ लाकडावर जाते. जमीन एका बाजूला चक्क कलते, जिन्याचा कठडा हाताने घासून घासून गुळगुळीत झालाय. बाबा त्या कठड्यावर हात ठेवून बराच वेळ एका पायरीवर थांबले, मागचे लोक शांतपणे खोळंबले, कोणी घाई केली नाही. १९९८ मध्ये दुरुस्ती चालू असताना तळघरात माणसांची हाडं सापडली, बाराशेच्या वर तुकडे, एकदम खळबळ. घरमालकिणीचा जावई विल्यम ह्यूसन शरीररचना शिकवायचा, त्याच्या शाळेतली ती हाडं होती.

हे घर कशासाठी महत्त्वाचं? फ्रँकलिन इथे वसाहतींचा वकील म्हणून आला होता आणि बरीच वर्षं त्याला मनापासून वाटायचं की ब्रिटन आणि अमेरिका एकत्र राहावेत. जानेवारी १७७४ मध्ये प्रिव्ही कौन्सिल म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळापुढे त्याला तासभर उभं करून भर दरबारात त्याचा पाणउतारा केला गेला, तो एक शब्द बोलला नाही, आणि मार्च १७७५ मध्ये तो निघून गेला. पुढच्या वर्षी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्याची सही आहे.

पुढे स्ट्रँडवरून फ्लीट स्ट्रीट. सेंट ब्राईड्स चर्चमध्ये दहा मिनिटं थांबा, अमेरिकेत जन्मलेलं पहिलं इंग्रज मूल म्हणजे व्हर्जिनिया डेअर, १५८७, तिच्या आईवडिलांचं लग्न इथे झालं होतं. ती जन्मली त्या वसाहतीतले सगळेच्या सगळे लोक पुढे नाहीसे झाले, काय झालं ते आजही कोणाला नक्की सांगता आलेलं नाही.

मग सेंट पॉल. तिकीट महाग वाटेल, ऑनलाईन काढा, आणि दोन तास हातात ठेवून जा. सगळे घुमट चढायला धावतात, तुम्ही आधी सरळ मुख्य वेदीच्या मागे जा. महायुद्धात १९४० मध्ये हा भाग बॉम्बने फुटला होता, तो परत बांधताना तिथे अमेरिकन मेमोरियल चॅपल केलं, १९५८ मध्ये राणीच्या उपस्थितीत खुलं झालं. ब्रिटनमधून लढायला गेलेले २८ हजारांहून जास्त अमेरिकन मारले गेले, त्या सगळ्यांची नावं एका जाड वहीत काचेखाली ठेवलीत. लाकडी कोरीवकामात अमेरिकेतली पानं-फुलं-पक्षी आहेत आणि त्यात कुठेतरी एक छोटंसं रॉकेट लपवलंय, अंतराळयुग नुकतंच सुरू झालं होतं त्याची आठवण म्हणून. पोरं बरोबर असतील तर शोधायला लावा, तेवढा वेळ तुम्हाला शांतपणे नावं वाचता येतात.

आता याच इमारतीत लॉर्ड कॉर्नवॉलिसचं स्मारक शोधा, सापडत नसेल तर तिथल्या कोणत्याही गाईडला विचारा. हा तोच माणूस ज्याच्या फौजेने १९ ऑक्टोबर १७८१ ला यॉर्कटाऊनला वॉशिंग्टनपुढे शस्त्रं खाली ठेवली, आणि तो स्वतः आजारी आहे सांगून आलाच नाही, हाताखालच्या अधिकाऱ्याला पाठवलं. अमेरिका हातची गेली ती तिथे. एवढं होऊन पाच वर्षांत, १७८६ मध्ये, तो भारताचा गव्हर्नर जनरल झाला. बाबा नाव वाचून एकदम थांबले. "अगं, हा तोच ना श्रीरंगपट्टणचा? हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन याच्याबरोबर होते टिपूवर चालून जाताना!" हो, तोच. १७९२ चा तह, टिपूची दोन मुलं ओलीस, बंगालचा कायमधारा म्हणजे जमीनमहसूल कायमचा ठरवून टाकणं, सगळं याच्याच काळातलं. १८०५ मध्ये गाझीपूरला वारला, कबर तिथेच आहे. स्मारकाच्या खालच्या बाजूला भारतातल्या नद्यांच्या आकृती कोरल्यात, यॉर्कटाऊनची आठवण करून देणारं मला तरी काही दिसलं नाही. एका छपराखाली एकीकडे अमेरिकन सैनिकांची वही आणि दुसरीकडे अमेरिका गमावून आपल्याकडे आलेला हा माणूस, म्हणून कोणी मला विचारलं की एकच जागा बघायला वेळ आहे तर कुठे जाऊ, तर मी सेंट पॉलच सांगते.

दुसरा दिवस: चहा, लग्न आणि एक जहाज

बँक किंवा मॉन्युमेंट स्टेशनला उतरून लेडनहॉल स्ट्रीटवर जा, लॉईड्सची ती बाहेरून सगळे पाईप दिसणारी स्टीलची इमारत. इथे ईस्ट इंडिया कंपनीचं मुख्यालय होतं, आता वीटसुद्धा राहिलेली नाही. पण पाच मिनिटं उभं राहून विचार करा: कंपनी कर्जात बुडालेली, बंगालमध्ये १७७० च्या दुष्काळात माणसं लाखोंनी मेलेली, गोदामात चिनी चहा पडून, म्हणून संसदेने १७७३ मध्ये कायदा करून कंपनीला तो चहा थेट अमेरिकेत विकायची सवलत दिली आणि कर मात्र ठेवला. १६ डिसेंबरला चिडलेल्या अमेरिकन लोकांनी बोस्टनच्या बंदरात त्या चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात फेकल्या. बोस्टनला आपले शेकडो लोक तो प्रसंग बघायला जातात, पण ज्या ऑफिसचा तो चहा होता त्याच ऑफिसातून आपल्यावरही राज्य चालत होतं, हे या रस्त्यावर उभं राहिलं की नीट कळतं.

तिथून टॉवर ऑफ लंडनकडे चालत पंधरा मिनिटं. टॉवरच्या शेजारी ऑल हॅलोज नावाचं चर्च आहे, गर्दी नसते, प्रवेश फुकट. पेनसिल्व्हेनिया ज्याच्या घराण्याच्या नावाने आहे त्या विल्यम पेनचा बाप्तिस्मा इथे १६४४ मध्ये झाला, आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन क्विन्सी ॲडम्सचं लग्न इथेच २६ जुलै १७९७ ला. खाली तळघरात उतरा, रोमन काळातली फरशी पायाशी दिसते. जिना अरुंद आहे, गुडघे दुखणाऱ्यांना वरच बसू द्या.

मग लंडन ब्रिज ओलांडून साऊथवर्क कॅथीड्रल. हार्वर्ड विद्यापीठ ज्याच्या नावाने आहे त्या जॉन हार्वर्डचा बाप्तिस्मा १६०७ मध्ये इथे झाला, त्याच्या नावाचं चॅपल आहे. आमच्या ओळखीतला एक मुलगा हार्वर्डला ॲडमिशनची तयारी करत होता, त्याच्या आईने तिथे हात जोडले, मला ते फार आवडलं. जेवण शेजारच्या बरो मार्केटमध्ये उरका, शाकाहारी भरपूर मिळतं, फक्त दीडच्या आत पोचा, नंतर उभं राहायला जागा नसते.

लंडन ब्रिजहून ज्युबिली लाईनने दोन स्टेशनं, कॅनडा वॉटर, आणि तिथून दहा मिनिटं चालत रॉदरहाईथ. मेफ्लॉवर जहाज १६२० च्या जुलैमध्ये या किनाऱ्यावरून निघालं, मग साऊथहॅम्प्टन, डार्टमथ आणि शेवटी प्लिमथहून १०२ प्रवासी घेऊन अमेरिकेला. बहुतेक लोक प्लिमथला जातात, पण जहाज आणि कप्तान दोन्ही इथले. कप्तान ख्रिस्तोफर जोन्स परत आला आणि १६२२ मध्ये सेंट मेरी चर्चच्या आवारात पुरला गेला, नेमकी जागा माहीत नाही. समोर मेफ्लॉवर नावाचा जुना पब आहे, मागच्या लाकडी डेकवर बसलात की खाली थेट थेम्स. दारू नको असेल तर चहा-कॉफी सांगा, काही बिघडत नाही.

नदीच्या काठाने थोडं पुढे एक ब्राँझचं शिल्प आहे, माझं या सगळ्यातलं सगळ्यात लाडकं. १९३० च्या दशकातला एक मुलगा बसून कॉमिक वाचतोय, बाजूला त्याचा कुत्रा, आणि सतराव्या शतकातला एक यात्रेकरू (मेफ्लॉवरच्या प्रवाशांना पिल्ग्रिम म्हणजे यात्रेकरू म्हणतात) त्याच्या खांद्यावरून वाकून, डोळे विस्फारून त्या पानात बघतोय. आपण जो देश वसवायला निघालो त्याचं पुढे काय झालं ते तो चित्रांत बघतोय.

तिसरा दिवस: रनीमीड

वॉटर्लूहून एगमची ट्रेन, साधारण ४० मिनिटं. साडेनऊनंतर निघा, तिकीट स्वस्त पडतं. स्टेशनवरून कुरणापर्यंत अर्धा तास चाल आहे, आईवडील बरोबर असतील तर टॅक्सी करा कारण पुढेही चालायचंच आहे. पाऊस पडून गेला असेल तर चिखल होतो, चांगले बूट हवेतच. डबा न्या. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचं नेलं होतं आणि नदीकाठी बसून खाल्लं.

१५ जून १२१५ ला किंग जॉनने मॅग्ना कार्टावर, म्हणजे राजालाही कायद्याने बांधणाऱ्या सनदेवर, शिक्का मारला तो इथे. पण इथलं घुमटाचं स्मारक ब्रिटिशांनी नाही, अमेरिकन वकिलांच्या संघटनेने १९५७ मध्ये बांधलं. कायद्याची रीत पाळल्याशिवाय कोणालाही तुरुंगात टाकता येणार नाही, हे अमेरिकेच्या घटनेत आलं त्याचं मूळ त्यांना इथे दिसतं. स्मारकाच्या जवळच एक ओकचं झाड बघा, ते १९९४ मध्ये आपले पंतप्रधान नरसिंह रावांनी लावलंय, रामटेकचे खासदार होते ते आणि मराठी अस्खलित बोलायचे.

थोडं पुढे लाकडी फाटक उघडून झाडीत शिरा. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या स्मारकाची वाट म्हणजे पायऱ्या आहेत पण एकही सारखी नाही, ग्रॅनाईटचे साठ हजार छोटे दगड हाताने बसवलेत, प्रत्येकाचा आकार वेगळा, पाय प्रत्येक वेळी वेगळा पडतो. यात्रेकरूंच्या वाटेसारखी ती वाटावी म्हणून मुद्दाम तशी केलीय, आणि खरंच वर पोचेपर्यंत कोणी बोलत नाही. वर पांढऱ्या पोर्टलंड दगडाची सात टनांची शिळा. ही एक एकर जमीन १९६५ मध्ये ब्रिटनच्या लोकांनी अमेरिकेला देऊन टाकली, असं त्या शिळेवरच लिहिलंय. नोव्हेंबरात गेलात तर मागचा अमेरिकन ओक लालभडक झालेला असतो, केनेडीची हत्या झाली तो महिना.

इथून बहुतेक लोक परत फिरतात. तुम्ही फिरू नका. कूपर्स हिलचा चढ चढून वर एअर फोर्सेस मेमोरियलला जा, चढ खडा आहे, दमछाक होते, वाटल्यास टॅक्सीने वरच्या रस्त्याने या. याच टेकडीवर १८७२ ते १९०६ मध्ये भारतासाठी इंजिनियर तयार करायचं कॉलेज होतं. मेमोरियलमध्ये दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या आणि ज्यांची कबर कुठेच नाही अशा हवाई दलातल्या वीस हजारांवर लोकांची नावं भिंतींवर कोरलीत. त्यात नूर इनायत खान शोधा, पॅनलचा नंबर युद्धकबरींच्या कॉमनवेल्थ संस्थेच्या वेबसाईटवर आधीच बघून ठेवा नाहीतर तासभर शोधाल. आई न्यू मेक्सिकोची अमेरिकन, वडील इनायत खान बडोद्याचे, गायकवाडांच्या दरबारातल्या मौलाबक्षांचे नातू. नूरने ब्रिटिशांची गुप्तहेर म्हणून पॅरिसमध्ये नाझींच्या नाकावर टिच्चून वायरलेस चालवला, पकडली गेली, आणि सप्टेंबर १९४४ मध्ये डाखाऊला तिला गोळी घातली. वय ३०. तिचं नाव बोटाने गिरवताना माझा गळा दाटून आला.

चौथा दिवस: केंब्रिज

किंग्स क्रॉसहून फास्ट ट्रेनने ५० मिनिटांच्या आसपास. स्टेशनवरून मॅडिंग्लीच्या अमेरिकन सिमेट्रीला, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या अमेरिकन सैनिकांच्या दफनभूमीला, टॅक्सी करा, येतानाची आधीच ठरवून ठेवा, शहराच्या बाहेर आहे. प्रवेश फुकट, रोज नऊ ते पाच, नाताळ आणि एक जानेवारी सोडून.

जमीन केंब्रिज विद्यापीठाने दिली, ३० एकर. ३,८०० हून जास्त पांढरे संगमरवरी क्रॉस, ज्यू सैनिकांना सहा टोकांचा तारा, सगळे वळणदार रांगांत. एका बाजूला लांबच लांब भिंत आहे, बेपत्ता झालेल्या ५,१२७ जणांच्या नावांची. ग्लेन मिलर हा बँडवाला त्यात आहे, डिसेंबर १९४४ मध्ये इंग्लिश खाडीवर त्याचं विमान नाहीसं झालं. आणि जोसेफ केनेडी ज्युनियर, राष्ट्राध्यक्ष केनेडींचा थोरला भाऊ, ज्याला घरच्यांनी राष्ट्राध्यक्ष करायचं ठरवलं होतं. ऑगस्ट १९४४ मध्ये त्याचं विमान सफोकवर हवेतच फुटलं. धाकट्याची शिळा तुम्ही काल बघून आलात, म्हणून हा क्रम मी मुद्दाम असा ठेवलाय. आधी व्हिजिटर सेंटर, मग भिंत, मग चॅपलमधला भिंतभर नकाशा, आणि कबरींमधून शेवटी चाला. हिवाळ्यात चारला अंधार पडतो, सकाळीच जा.

परत गावात आलात की ईगल पबमध्ये मागच्या खोलीत जा आणि वर बघा. ब्रिटिश आणि अमेरिकन वैमानिकांनी लायटर आणि मेणबत्तीच्या काजळीने छतावर आपली नावं आणि स्क्वाड्रनचे नंबर लिहिलेत, ते तसेच ठेवलेत. भिंतीवर कोरलेली नावं बघून आल्यावर ही काळ्या धुराची वेडीवाकडी अक्षरं बघताना पोरं किती कोवळी होती ते दिसतं.

वेळ उरला तर

ग्रेव्हसेंडला पोकाहोंटासची, म्हणजे व्हर्जिनियातल्या मूळ अमेरिकन सरदाराच्या मुलीची, आठवण आहे, सेंट पँक्रसहून हायस्पीड ट्रेनने अर्ध्या तासाच्या आत. मायदेशी परतताना १६१७ मध्ये तिथे वारली, जुनं चर्च जळाल्यामुळे कबर सापडत नाही, बाहेर पुतळा आहे. ग्रोव्हनर स्क्वेअरमधला महायुद्धाच्या काळातला अमेरिकन राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टचा पुतळा साध्या ब्रिटिश लोकांनी पाच-पाच शिलिंग देऊन उभा केला, १९४८ मध्ये, जाण्याआधी बागेचं काम चालू नाही ना ते बघा.

आणि आपल्या माणसाने चुकवू नये अशी एक जागा, १० किंग हेन्रीज रोड. चॉक फार्म स्टेशनवरून दहा मिनिटं चालत. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबियात गेले, तिथून १९१६ मध्ये लंडनला आले, शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून परतावं लागलं, १९२० मध्ये पुन्हा आले आणि १९२१-२२ मध्ये या घरात राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. उघडण्याच्या वेळा बदलतात, आधी बघा. आम्ही शेवटच्या संध्याकाळी गेलो. बाबांनी चपला दाराबाहेर काढल्या, कोणी सांगितलं नव्हतं, आणि वरच्या खोलीत जाऊन खिडकीपाशी बराच वेळ उभे राहिले. मी खाली थांबले.